जावईबापूंनी घालून दिलेलं सिम

सोमवार, ४

पोहोचलो. बॅगा आल्या, माझ्या कमरेनेही साथ दिली. विमानाची चाकं टेकतात न टेकतात तोच माझा फोन टणटणायला लागला. आजूबाजूची तरणीताठी मंडळी फोन खिडकीला लावून 'नेट नाही, नेट नाही' करत होती, आणि मी म्हातारा ऐटीत मेसेज वाचत बसलो होतो. पहिला अर्थात जावईबापूंचा. 'बाबा, पोचलात का?'

श्रेय त्यांचंच. आम्हाला विमानतळावर सोडायला आले आणि तिथेच बाकावर बसून त्यांनी माझ्या फोनमध्ये परदेशातलं सिम घातलं, पॅक सुरू केला, नकाशा लावून दिला. "आता तुम्ही जगात कुठेही हरवणार नाही," म्हणाले. मी उभी हयात टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात घालवली, पण ही नवी विद्या मला एवढ्या सफाईने जमली नसती. ते हिच्या फोनमध्येही पॅक टाकायला निघाले होते, तर हिने पर्स छातीशी धरली. "माझा बंदच बरा." माणूस वाकून मदत करतोय आणि ही त्याच्याशी धड बोलत नाही. टिटवीने घर सोडलं हे खरं, पण कागदोपत्री तो अजून तिचा नवराच आहे.

टिटवी म्हणजे आमची लेक. लहानपणी तिची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता दीड वर्ष होत आलं, माझ्याशी एक शब्द नाही. तिला भेटायलाच तर आलोय. हिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या ओळखीने माडीवरची खोली मिळाली आहे. टिटवीचा पत्ता मात्र हिच्याकडेही नाही म्हणे. ती येईल तेव्हा येईल.

सिम चालू आहे म्हटल्यावर मी लगेच तिला लिहिलं, 'पोचलो बाळा. हा फोन चोवीस तास चालू आहे.' एकच टिक. दुसरी काही उमटेना.

मंगळवार, ५

अजून एकच टिक.

मी रीतीप्रमाणे तपासत गेलो. आधी आपलं टोक. फोन बंद करून चालू केला, खिडकीत धरला, रस्त्यावर नेला. जावईबापूंना मेसेज जातोय, लगेच दोन टिका, लगेच उत्तर. म्हणजे आपली बाजू चोख. बिघाड पलीकडे.

हिला सांगितलं तर म्हणते, "तो नंबर जुना आहे."

"मग नवा दे."

"तिला वाटलं तर ती देईल."

म्हणजे हिच्याकडे आहे आणि देत नाही! मागच्या वर्षी टिटवीने इथे आल्यावर मला स्वतः नंबर दिला होता. जावईबापू घरी आले, सोफ्यावर बसून रडले, म्हणाले, "बाबा, मला फक्त माफी मागायचीय." मी दिला. आयुष्यभर लोकांना नंबरच तर दिले, त्यात गैर काय? पुढच्या आठवड्यात टिटवीने नंबर बदलला, घरही बदललं. कंपनीची काही स्कीम आली असेल. हल्लीची पोरं पैपैचा विचार करतात.

गुरुवार, ७

आज आमची जुंपली. कारण काय, तर फोन.

ही रोज दुपारी एकटी बाहेर जाते. म्हणे वाचनालयात. इथली भाषा हिला येत नाही, तिथे जाऊन वाचते काय? मी म्हणालो, "मीही येतो."

"या. पण फोन खोलीवर ठेवून या."

"परक्या गावात फोनशिवाय? डोळे बांधून रस्त्यावर सोडल्यासारखं!"

"मग राहा घरी."

आणि गेली. मागे दार नीट लोटलंही नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ही माझ्यावर चिडली नाही असं नाही, पण हा राग वेगळा आहे. मला घाबरल्यासारखा.

मग खाली घरमालकिणीशी बोलत बसलो. बोलत म्हणजे ती तिच्या भाषेत आणि मी माझ्या. बाई निवृत्त बसचालक आहे, एवढं भिंतीवरच्या फोटोवरून कळलं. हात असे की माझे दोन्ही तळवे तिच्या एकात मावतील. तिने मला चहा दिला आणि माझ्या फोनकडे बोट करून नाक मुरडलं. हिने तिलाही काही पढवलंय की काय!

फोनचं एक कळत नाही. खिशात नुसता पडून असला तरी गरम राहतो आणि दुपारीच मान टाकतो. पूर्वी तारेवरून बोट फिरवून दोष सांगायचो. इथे तारच नाही, तर बोट कुठे फिरवणार?

जावईबापूंचा रोज एक मेसेज. 'आज कुठे गेलात? भेटली का?' माझी मुलगी एकदा विचारत नाही, हा विचारतो. मी लगेच उत्तर देतो, ही रोज दुपारी वाचनालयात जाते तेही कळवलं.

शनिवार, ९

आज मी ते केलं जे मला शोभत नाही. हिच्या पाठोपाठ गेलो.

वाचनालय मागे पडलं. ही पुढे चालत राहिली, दोनदा वळून पाहिलं, मी एका गाडीआड. शेवटी विटांच्या एका चारमजली इमारतीपाशी थांबली. खाली दाताच्या डॉक्टरची पाटी, त्यावर हसणारा एक मोठा दात. बाजूच्या दारावरची घंटा हिने दाबली.

दार आधी फटीएवढं उघडलं. आतलं माणूस रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत होतं. मग दार पूर्ण उघडलं आणि माझी टिटवी बाहेर आली. केस कापलेत, अगदी कानाच्या वर. वाळली आहे. हिने तिला जवळ घेतलं तेव्हा तिचं डोकं हिच्या खांद्यावर होतं आणि डोळे मात्र रस्त्यावर.

मी समोरच्या बंद दुकानाच्या ओट्याशी उभा होतो. हाक मारावी असं ओठांवर आलं होतं. मारली नाही. ती आत बोलावेल की दार लावेल, हे मला ठरवता येईना. त्या दोघी आत गेल्या. मी तिथेच राहिलो. थंडीने पाय बधिर होईपर्यंत उभा होतो. वरच्या एका खिडकीतला पडदा हलला, ती खिडकी तिची असावी असं मी धरून चाललो.

खोलीवर आलो. हिला काही बोललो नाही. बायको आठवडाभर मुलीला भेटते आहे आणि मला वाचनालय सांगते. एवढा परका झालो मी?

रविवार, १०

कसं लिहू ते समजत नाही. झालं तसं लिहितो.

सकाळी जावईबापूंचा मोठा मेसेज आला होता. मी मनात वाचला. वाटलं, बरं झालं, सगळे एकत्र येतील, एकदाचा गुंता सुटेल. ही स्वेटर घालत होती. म्हणालो, "आनंदाची बातमी आहे. जावईबापू येतायत."

बटणावरचा हिचा हात थांबला. "कुठे?"

"इथे. बुधवारी."

"काय लिहिलंय? मोठ्याने वाचा."

मी वाचायला लागलो. "'बाबा, काल दुपारी तुम्ही त्या दाताच्या डॉक्टरसमोर खूप वेळ उभे होतात. आई तिथे रोज जातात ना? ती तिथेच राहते, मला कळलं. मी तिकीट काढलंय. तिला अजिबात सांगू नका. मला तिचा चेहरा बघायचाय...'"

पुढचं माझ्याच्याने वाचवेना. मनात वाचला तेव्हा या मेसेजमध्ये काही नव्हतं. मोठ्याने वाचल्यावर माझ्याच आवाजात तो दुसऱ्याच माणसाचा झाला. मी काल कुठे उभा होतो हे मी देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

ही पलंगावर बसली. "त्याने तुमच्या फोनमध्ये काय घालून दिलंय?"

मी नकाशा उघडला. इथे दाब, तिथे दाब, शेवटी सापडलं. माझं ठिकाण घडोघडी त्यांना जात होतं. विमानतळावरच्या त्या बाकापासून.

"म्हणून फोन गरम," मी म्हणालो.

"तिचं मनगट मोडलं होतं, आठवतंय?"

"बाथरूममध्ये पाय घसरला होता."

"आणि पुढच्या वर्षी बरगडी?"

"बरगडीचं मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला सांगितलं की त्याला कळतं."

हे ती ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. रेशन संपलंय सांगावं तसं सांगितलं.

मग खाली गेली, घरमालकिणीच्या वायफायवरून टिटवीला फोन लावला. स्वयंपाकघराचं दार बंद होतं. मी जिन्यात उभा. दीड वर्षाने लेकीचा आवाज ऐकला तो दाराच्या फळीतून. "काल बाबा होते? समोर? खिशात फोन होता?" मग पुन्हा तेच, अगदी बारीक आवाजात, "आई, खिशात फोन होता?"

ही वर आली. "बंद करा ते. आत्ताच्या आत्ता."

माझं बोट त्या बटणावर गेलंही होतं. पण मी थांबलो. "नको. या टोकाला तोडलं की त्या टोकाला लगेच कळतं. तो आजच निघेल."

"मग?"

"मला विचार करू दे."

सोमवार, ११

टिटवीने घर सोडलं. बरोबर काम करणाऱ्या कुणा बाईकडे गेली आहे. कुठे ते मी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. पोलिसांत तिने कळवलंय.

आम्हालाही इथून निघायला हवं, ही खोली तर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. घरमालकिणीला हिने टिटवीकरवी फोनवर सगळं समजावलं. बाईने ऐकून घेतलं, आमच्या दोन्ही बॅगा एकेका हातात उचलून गाडीत ठेवल्या. तिच्या बहिणीचं घर गावाबाहेर आहे. हीसुद्धा तिकडे गेली.

मी मात्र आज इथेच. फोन इथे, म्हणून मी इथे. जावईबापूंना लिहिलं, 'परवाची जागा दाताच्या डॉक्टरची. हिची दाढ ठणकतेय, रोज जावं लागतंय. टिटवीचा पत्ता उद्या मिळेल असं दिसतंय. मिळाला की कळवतो.'

हिचे दात माझ्यापेक्षा धड आहेत. ऊस सोलून खाते.

उत्तर लगेच आलं. 'सॉरी बाबा, मला वाटलं. वाट बघतो.' किती गोड लिहितो. पूर्वीही असंच लिहायचा. मागचे मेसेज वर सरकवत वाचत बसलो. सगळ्यांत तो माझी तब्येत विचारतो आणि सगळ्यांत शेवटी तिचं काहीतरी. एकही मेसेज असा नाही ज्यात शेवटी ती नाही. हे मला आधी का दिसलं नाही?

मंगळवार, १२

घरमालकिणीने पहाटे मला लांबच्या बसमध्ये बसवलं. चालकाशी काही बोलली, त्याच्या खांद्यावर थाप मारली. जुन्या ओळखीचा असावा. बस शेवटच्या गावापर्यंत जाते, समुद्राकाठी. तिथे बोटी, गोदामं आणि एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या रांगा.

फोन वरच्या खिशात ठेवला होता. वाटभर तो छातीला गरम लागत होता. मधूनच वाटायचं, तो आत्ता बघतोय. मी खिडकीबाहेर बघतोय आणि तो मला बघतोय. टिटवी दीड वर्ष अशी राहिली असेल.

उतरल्यावर एक इमारत निवडली. चांगली मोठी, असंख्य घरांची. शोधायला दिवस जावा अशी. तिच्या दारासमोर बाकावर बसून राहिलो. आत जाणाऱ्या एका म्हातारीने मला पाव देऊ केला, मी मान हलवली तरी ठेवून गेली. दुपार उलटल्यावर लिहिलं, 'सापडली. इथेच राहते. परवापर्यंत सुट्टीवर आहे, घरीच असेल. मी तिला काही बोललो नाही.'

तो विमानतळावर होता. 'बाबा, तुमच्यासारखा माणूस होणे नाही.' पुढे जोडलेल्या हातांची चित्रं, रांगेने.

आजवर खात्यात कधी कुणाला खोटा नंबर दिला नाही. त्याचं विमान सुटायची वेळ होईपर्यंत तिथेच बसलो. मग हिची सेफ्टी पिन होती जवळ, तिने सिमचा कप्पा उघडला आणि ते नखाएवढं सिम बोटीच्या धक्क्यावरून पाण्यात टाकलं. आवाजही झाला नाही.

परतताना हाल झाले. नकाशा नाही, भाषा नाही. चुकीच्या बसमध्ये चढलो, दोनदा उतरलो. कागदावर घरमालकिणीने लिहून दिलेलं गावाचं नाव दिसेल त्याला दाखवत आलो. ही दारातच उभी होती. पायमोजे ओले होते, ते काढायला लागली. मी म्हणालो, "राहू दे." तरी काढलेच.

गुरुवार, १४

काही कळत नाही. तो उतरला असेल कालच. तिकडे गेला की नाही? त्या बाकासमोरच्या दारांवर घंटा वाजवत फिरतोय की उलटा इकडे आलाय? हिचा फोनही आम्ही बंद ठेवलाय. खोलीत एक घड्याळ, एक खिडकी, शेतात एक घोडा.

दर थोड्या वेळाने माझा हात खिशाकडे जातो. ही बघते, मी हात काढून घेतो.

विचारलं हिला, "टिटवी ठीक असेल ना?"

"माहीत नाही," म्हणाली. मग म्हणाली, "मी गेलं वर्षभर रोज हेच म्हणतेय. तुम्ही दोनच दिवस म्हणताय."

शुक्रवार, १५

घरमालकीण आली. बहिणीच्या दिवाणखान्यात मधोमध उभी राहिली आणि तिने आम्हाला काय झालं ते करून दाखवलं.

आधी ती 'तो' झाली. कोट सारखा केला, घंटा दाबली, कमरेत वाकून नमस्कार. हसली. मोठं गोड हसली. मग ती स्वतः झाली, हात पसरून, 'गेले, इथे कुणी नाही'. पुन्हा तो. पुन्हा तेच हसू. फोन पुढे करून दाखवतोय, हे बघा, इथेच होते. पुन्हा ती, 'नाही'. मग एकदम तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखला नाही. मी त्या माणसाला कधी तसं पाहिलंच नव्हतं. तिने पाय उचलला आणि हवेत लाथ मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि दोन्ही हातांनी काचा पडल्याचं दाखवलं. दाराची काच. तळव्याला पट्टी होती तिच्या.

पोलीस घेऊन गेले त्याला, हे तिने दोन मनगटं एकावर एक ठेवून सांगितलं.

ही रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. घरमालकिणीने तिला आपल्या अंगावर ओढून घेतलं. मी काय करावं ते न कळून त्या पट्टीकडे बघत राहिलो. मग उठून तिच्यासाठी पाणी आणलं.

रविवार, १७

टिटवी आली.

आत आली नाही. फाटकाशी उभी राहिली, हिला हाताने बोलावलं, मग मला. मी चपला अडकवून गेलो. तिच्यासमोर उभा राहिलो. जवळून केस अजूनच आखूड वाटतात.

"फोन?" म्हणाली.

"आत आहे. त्यात सिम नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन माझ्या कोटाचे खिसे तपासले. एक, दुसरा, आतला. मी हात वर धरले. शर्टाच्या खिशात चष्मा होता तो काढून पाहिला, परत ठेवला. ठेवताना तिचा हात माझ्या छातीला लागला. ती तेवढी थांबली, फार नाही.

"तो सध्या तरी गेलाय," म्हणाली. "परत पाठवताहेत त्याला. पुन्हा येऊ शकतो."

"बाळा, मी..."

"आत्ता नको, बाबा."

ही तिच्या बाहीवरचा दोरा काढत होती. नसलेला दोरा.

"त्या बंदराच्या गावात तुम्ही एकटे गेलात?" टिटवीने विचारलं.

"बसने."

"काही खाल्लं होतंत?"

"एका बाईने पाव दिला."

ती हसली नाही. पण काही सांगायचं असलं की लहानपणी खालचा ओठ दातांत धरायची, तसा धरला. मग म्हणाली, "मी रविवारी आईला फोन करते. तुम्ही घरी परतलात की शेजारी बसलात तरी चालेल. पण फोन आईच्या हातात. आणि तो तुम्हाला भेटायला आला, रडला, काहीही केलं, तरी..."

"माझ्याकडे काही नसेल," मी म्हणालो. "नंबर देऊ नकोस मला. पत्ताही नको."

तिने हिला मिठी मारली. माझ्याकडे वळली, मान हलवली, फाटक लावलं.

त्या फाटकापुढे रस्त्याला तीन वाटा फुटतात. ती कुठल्या वाटेने जाते ते मला दिसलं असतं. मी शेताकडे तोंड केलं आणि तसाच उभा राहिलो. घोडा चरत होता. पावलं थोडा वेळ ऐकू आली, मी कानांवर हात ठेवले.

हिने खांद्याला हात लावून "गेली" म्हटलं, तेव्हा वळलो.